शास्त्राबाहेरची पाखरं

कृपावाडीच्या पाळकांनी चतुराबाईची तक्रार केली ती अगदी चांगल्या हेतूने. चांगल्या हेतूने केलेल्या तक्रारी फार वाईट. वाईट हेतूची तक्रार माणूस निदान लाज वाटून मागे तरी घेतो. चांगल्या हेतूवाल्याला ती सोयही राहत नाही.

कृपावाडी म्हणजे जालन्यापासून चार मैलांवरची, कुंडलिकेच्या काठची साठ-सत्तर घरांची ख्रिस्ती वस्ती. दोन पिढ्यांमागे आसपासच्या गावांतले वेगवेगळ्या जातींचे लोक बाप्तिस्मा घेऊन इथे येऊन राहिले. मधोमध दगडी देऊळ. वाडीतली माणसं त्याला देऊळच म्हणत, मग साहेब लोकांनी काही का म्हणेनात. त्या देवळाचे पाळक शरदचंद्र साळवे. वय तीस. जन्म वाडीतलाच, पण सहाव्या वर्षी मिशनच्या बोर्डिंगात गेले, तिथून पुण्याला धर्मशिक्षण घेतलं आणि सन छत्तीसच्या अखेरीला कांजी केलेली पांढरी कॉलर लावून परत आले. माणूस अभ्यासू, बायकोवर जीव असलेला, गरिबाच्या घरी चहा न नाकारणारा. फक्त एक खोड होती. आपल्याला जे माहीत नाही ते नसतंच, असं त्यांना वाटायचं. पुण्याहून शिकून आलेल्या पुष्कळांना तसं वाटतं.

परत आल्यावर वर्षभराने, कार्तिकातल्या एका सकाळी ते आरशापुढे कॉलर लावत होते आणि स्वयंपाकघरात त्यांची बायको उमा जात्यावर ज्वारी दळत होती. उमाचं माहेर जाफराबादचं, गळा गोड. जात्याच्या घरघरीतून ओवी आली:

मातीची पाखरं, येशूबाळानं केली,
फुंकर घालता, आभाळात उडून गेली.

शरदचंद्रांचा हात कॉलरवरच थांबला. उमा दुसरी म्हणू लागली:

खजुराच्या झाडा, खाली लव रं बापा,
मरियमला माझ्या, चालून लागल्या धापा.

त्यांनी आत जाऊन विचारलं, हे कुठून शिकलीस. उमाने पदराने कपाळ पुसत सांगितलं, चतुरामावशींनी शिकवलं, वाडीतल्या सगळ्याच बाया म्हणतात, आणि तुम्हाला गोड नाही का वाटलं. शरदचंद्रांना गोड वाटलं होतं, हीच तर अडचण होती. येशूचं चरित्र सांगणारी बायबलातली चारही शुभवर्तमानं त्यांना जवळजवळ पाठ होती. त्यांत येशूबाळ मातीची पाखरं करत नाही आणि कुठलं झाड मरियमेपुढे वाकत नाही. मग हे खोडकर बाळ कोण? ते त्यांना लगेच कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं. हा तर गोकुळातला. त्याला झबलं येशूचं घातलं म्हणून काय झालं.

वाडीच्या बाहेरच्या माणसाला यात एवढं घाबरण्यासारखं काय ते समजणार नाही. पण कृपावाडीत प्रत्येक घराची एक गोष्ट होती, आणि ती रविवारच्या शाळेत पोरांकडून घोकून घेतली जाई. शरदचंद्रांच्या आजोबांनी टोपलीभर देव कुंडलिकेच्या डोहात सोडले होते. भाऊबंदांनी पाणी तोडलं, सोयरिकी मोडल्या, तरी म्हातारा वळून बघेना. अशा माणसाच्या नातवाला स्वतःच्याच स्वयंपाकघरात गोकुळ ऐकू आलं तर तो दचकणारच. त्याच दुपारी त्यांनी देवळाच्या पंचांना पत्र लिहिलं.

चतुराबाई तेव्हा साठीला टेकलेली. मिशनच्या दवाखान्यात जनाना वार्डात ती तीस वर्षं बायबलबाई होती. बायबलबाईने आजारी बायांना प्रभूच्या गोष्टी सांगायच्या, एवढंच काम कागदावर. पण चतुराबाई अडलेल्या बाईचा हात धरून रात्र काढी, कुणाची पत्रं वाचून दाखवी, कुणाच्या सासूला दारात उभं करून चार शब्द सुनावी. विसाव्या वर्षी नवरा गेला, मूलबाळ झालं नाही. दवाखान्याच्या बायाच तिचा गोतावळा. वाडीतली घरोघरची पोरं तिने न्हाऊमाखू घातलेली, त्यांत शरदचंद्रही आले. चारचौघांत ती त्यांना पाळकसाहेब म्हणे, एकटं असलं की शरद.

पंचांत मुख्य रामराव. दवाखान्याचे कंपाउंडर, औषधाच्या मापासारखा काटेकोर माणूस. एका थेंबाने कुणाचं भलं किंवा वाईट होतं हे आयुष्यभर बघितलेलं असल्यामुळे धर्मातही ते थेंबाला सोडत नसत. चतुराबाई डोईवर पदर घेऊन पुढे उभी राहिली. ओवी शास्त्रात, म्हणजे बायबलात, आहे का, रामरावांनी विचारलं. ती म्हणाली, नाही. कृष्णाची आहे का? नाही. मग कुणाची, कुणी शिकवली? चतुराबाई गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. बोलायला कधीही मागे न सरणारी बाई अशी मुक्याने उभी राहिलेली बघून पंचांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

निकाल असा झाला की चतुराबाईने वार्डात जायचं नाही आणि प्रभुभोजनाला, म्हणजे देवळातल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, बसायचं नाही. ओवी कुठल्या पुराणातून आली ते पाळकांनी शोधून, लिहून आणावं आणि नाताळच्या आधीच्या रविवारी पंचांपुढे वाचावं. तसं सिद्ध झालं की चतुराबाईचं नाव मंडळीच्या यादीतून कमी होईल. नाव गेलं की वार्ड कायमचा गेला. शरदचंद्रांना वाटलं, आपण फक्त एक ओवी थांबवायला निघालो होतो. पण आता गाडी उताराला लागली होती.

ते कामाला लागले. माणूस प्रामाणिक होता, पुरावा हवा म्हटल्यावर पुरावाच हवा. जालन्यातल्या मस्तगडावर एक वयोवृद्ध पुराणिकबुवा राहत. शरदचंद्र कॉलर काढून, साधा कोट घालून त्यांच्या ओसरीवर गेले आणि मातीच्या पाखरांची गोष्ट कुठल्या अध्यायात येते ते विचारलं. बुवांनी डोळे मिटून सगळं गोकुळ मनातल्या मनात फिरून घेतलं. दही झालं, लोणी झालं, उखळ झालं, उन्मळलेली झाडं झाली. मग हसून म्हणाले, "आमचा कान्हा माती खातो, पादरीसाहेब. मातीची पाखरं करून उडवतो, असं कुठं बी न्हाई. तुमच्याच घरचं असंल ते, बराबर बघा."

आमच्या घरचं नाही हे आम्हाला ठाऊक आहे, असं म्हणत शरदचंद्र परत आले. पण 'बराबर बघा' हे दोन शब्द बोटात कुसळ जावं तसे सलत राहिले. परधर्माच्या माणसाने आपल्या घरात नीट बघायला सांगावं, याचा रागही आला.

वाडीच्या शाळेमागच्या खोलीत मिशनच्या थोरल्या साहेबांचं कपाट होतं. हे साहेब पंधरा वर्षांपूर्वी स्कॉटलंडला परत गेले तेव्हा त्यांची पुस्तकं इथेच राहिली. किल्ली पाळकांकडे असे, पण ते कपाट कुणी उघडत नसे. शरदचंद्रांनी उघडलं तेव्हा खालचा कप्पा वाळवीने खाऊन टाकला होता. वरच्या कप्प्यात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनी लिहिलेले, पण मंडळीने शास्त्रात न घेतलेले लेख त्यात एकत्र केले होते. असे लेख असतात हे शरदचंद्रांना माहीत होतं. पुण्याच्या गुरुजींनी त्यांच्यावर एकच वाक्य खर्च केलं होतं: बनावट माल आहे, त्यात वेळ दवडू नये. त्यांनी तो सल्ला इतका मानला होता की त्या मालाला हातसुद्धा लावला नव्हता.

आता लावला. शाळा सुटल्यावर ते रोज दुपारी त्या खोलीत बसू लागले. शब्दकोश एका हाताला, वही दुसऱ्या हाताला. तिसऱ्या दिवशी खजुराचं झाड सापडलं. मिसरच्या वाटेवर मरियम दमून बसते, फळ उंच आहे, आणि बाळ झाडाला सांगतं की वाक. झाड वाकतं. शरदचंद्रांनी ते वाक्य चार वेळा वाचलं. उमा ज्या चालीवर ती ओवी म्हणायची ती चाल आपोआप कानात आली.

पाचव्या दिवशी पाखरं सापडली. हा लेख आणखी जुना, सतराशे वर्षांपूर्वीचा असावा असं छापलेलं होतं. पाच वर्षांचा येशू पावसानंतर ओढ्याकाठी खेळतोय. ओल्या मातीच्या बारा चिमण्या करतो. वार शब्बाथाचा, म्हणजे कामाला बंदी असलेला. पाखरं उडाली हे शरदचंद्रांना ठाऊक होतं. पण त्याआधी इथे एक गोष्ट होती जी ओवीत नव्हती. एक माणूस ते बघतो आणि थेट बाळाच्या बापाकडे, योसेफाकडे जातो. तुझा पोरगा नियम मोडतोय म्हणून सांगतो. योसेफ येऊन बाळाला रागावतो. बाळ काही उत्तर देत नाही. टाळी वाजवतं, चिमण्यांना जा म्हणतं, आणि त्या चिवचिवत उडून जातात.

शरदचंद्रांनी पुस्तक मिटलं. खोलीत ऊन होतं, बाहेर पोरं विटीदांडू खेळत होती. सतराशे वर्षांपूर्वी कुणीतरी गोष्ट सांगितली आणि तिच्यात आपण आहोत, हे त्यांना इतकं लख्ख दिसलं की त्यांना तिथे बसवेना. चिमण्यांकडे सगळ्यांनी बघितलं. नियमाची वही काढली ती त्या एकट्याने. शरम वाटली, खरी शरम, कान तापवणारी.

पण शरम वाटून काम भागत नव्हतं. पुस्तक इंग्रजीत, चतुराबाईला इंग्रजीचं अक्षर येत नाही. मग ही गोष्ट वाडीतल्या जात्यावर आली कशी? आणि ती बाई गप्प का? ते तडक तिच्या घरी गेले.

चतुराबाई अंगणात बसून ज्वारी पाखडत होती. नाताळच्या दळणाची तयारी. या दळणाची कृपावाडीची स्वतःची रीत होती. नाताळाच्या आधी घरटी एक शेर दाणा आणून चतुराबाईच्या अंगणात एकाच ढिगात ओतायचा, पाच जाती मांडायची, आणि त्या पिठाच्या भाकरी साऱ्या वाडीने एका पंगतीत खायच्या. पहिल्या पिढीने ही रीत पाडली ती मुद्दाम. कुणाच्या घरचा दाणा कुणाच्या भाकरीत गेला ते कुणालाच कळू नये. दळण चालू असताना तिथे पुरुषांना प्रवेश नसे. प्रभुभोजनाला बंदी झालेली बाई प्रभूच्या वाढदिवसाचं दळण निवडत बसली होती, आणि हे पंचांपैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

शरदचंद्रांनी तिला पुस्तकातलं सगळं सांगितलं. झाड सांगितलं, पाखरं सांगितली. चुगली करणाऱ्याचं तेवढं सांगितलं नाही, अजून जीभ उचलत नव्हती. चतुराबाईचं सूप हातातच राहिलं. मग ती हळूहळू बोलली.

"मानमोडीची साथ आल्ती त्या साली आल्ती ती. जैनबबी. मस्तगडाखालच्या मोहल्ल्यातली. तीन वर्साची पोर घेऊन आल्ती, पोर दुसऱ्या दिशी गेली. वार्डात त्या दिशी नऊ माणसं गेल्ती, शरद. म्या काय सांगावं तिला? माझ्यापाशी एक बी शब्द उरला न्हवता. मंग तीच मला सांगू लागली. तिची नानी सांगायची म्हणं. खजुराचं झाड तिनं मागनं सांगितलं, आधी पाखराचं. ईसा नबीनं मातीचं पाखरू केलं, फुंकर घातली, आन ते अल्लाच्या हुकमानं उडालं. म्हणली, चतुराबी, मातीला पंख देतो तो, माझ्या लेकीला बी देईल ना? म्या म्हणलं, देईल. आन तिच्यासाठी ओवी केली. तिच्या पोरीसाठी."

"मग पंचांना का नाही सांगितलं, मावशी?"

"सांगून काय झालं असतं? पंच तिला बोलवायला धाडणार. तिच्या घरच्यांना कळणार की पादऱ्याच्या पंचायतीत आपल्या बाईचं नाव निघालं. वीस वर्सं झाली, मोहल्ल्यातली अडलेली बाई तीच वार्डात आणून राह्यली. नवऱ्यांशी भांडून आणती. तिचं येणं बंद झालं तर किती बाया मरतील, हिशेब हाये का काई? माझं नाव यादीतून गेलं तर मी एकटीच जाईन."

 शरदचंद्रांनी खाली बघून तिच्या सुपातला एक खडा उचलला आणि बाजूला टाकला. डोळे भरले होते ते तिला दिसू नयेत म्हणून. तिला दिसलेच. मग ती म्हणाली की जैनबबीचं नाव तेवढं कुठे काढू नकोस. त्यांनी शब्द दिला.

घरी येऊन त्यांनी आपल्या परीने वाट जुळवून पाहिली. त्या जुन्या लेखात बाळ टाळी वाजवतं. जैनबबीच्या नानीच्या गोष्टीत फुंकर घालतं. म्हणजे गोष्ट पुस्तकातून वाडीत आलेली नव्हती. ती फार जुन्या काळी पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांच्या तोंडून अरबांच्या मुलखात पोचली असावी, तिथून वेगळं रूप घेऊन मुसलमान घराघरांत, आणि एका मरणाच्या दिवशी जनाना वार्डात. दोन बायांनी ती एकमेकींना दिली, आणि देताना कुणी कुणाचा धर्म विचारला नाही. उमा ऐकत होती. ती म्हणाली की मग लिहा की हे सारं. शरदचंद्र म्हणाले, अर्धंच लिहिता येईल.

रविवारी उपासनेनंतर पंच देवळात बसले. चतुराबाई दाराशी, सतरंजीच्या कडेला. रामरावांनी विचारलं, कुठल्या पुराणातलं निघालं? शरदचंद्र उभे राहिले. आधी तयार केलेला कागद त्यांनी घडी करून खिशात घातला आणि पुस्तक उघडून एकेक ओळ मराठीत सांगितली. गोष्ट गोकुळातली नाही, आपल्याच लोकांची आहे, सतराशे वर्षांची आहे, हे सांगितलं. पंच एकमेकांकडे बघू लागले. रामरावांचा चेहरा मात्र हलला नाही.

"पाळकसाहेब, एक सांगा. हे शास्त्र हाये का न्हाई?"

"नाही. बिलकुल नाही. मी ते देवळात शास्त्र म्हणून कधी वाचणार नाही."

"मंग खोटंच झालं."

शरदचंद्रांनी पुढचं पान उघडलं. त्याच लेखात, ते म्हणाले, असंही आहे की एका पोराचा धक्का लागला म्हणून बाळ रागावलं आणि ते पोर जागीच मेलं. त्यांनी तेही वाचून दाखवलं. सगळे शहारले. दाराशी बसलेली चतुराबाई न विचारता बोलली, "तसला येशू न्हाई माझा."

"ऐकलंत?" शरदचंद्र म्हणाले. "जुन्या मंडळीनेही हेच म्हटलं असेल आणि हा लेख बाहेर ठेवला. बरोबर केलं. पण तो वाचल्याशिवाय त्यांनी का बाहेर ठेवला हे मला कळलं नसतं. आणि त्यात ठेवण्यासारखं काय होतं तेही कळलं नसतं. चतुराबाईंनी एकही पान न वाचता मारणारं बाळ टाकलं आणि पाखरं ठेवली. रामराव, तुम्हाला वाटतं, मलाही वाटलं, की आजोबांनी नदीत सोडलेलं काहीतरी परत आलं. तसं नाही. हे आपल्याच घरातलं, वळचणीला राहिलेलं. आपण कधी वर बघितलं नाही."

 रामरावांनी तोच जुना प्रश्न काढला. चतुराबाईला हे शिकवलं कुणी?

"मी त्यांना विचारलं, त्यांनी मला सांगितलं. मी तुम्हाला सांगणार नाही," शरदचंद्र म्हणाले. "त्यासाठी माझ्यावर काय कारवाई करायची ती करा. पण मला अजून एक सांगायचंय. या गोष्टीत एक माणूस आहे. बाळ खेळत होतं, त्याने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. हा माणूस बापाकडे धावत गेला आणि तक्रार केली. त्याचं नाव लेखात दिलेलं नाही. ते मी भरून देतो. शरदचंद्र साळवे. मी चूक केली. मला माहीत नव्हतं, आणि माहीत करून न घेता मी लिहिलं. चतुरामावशी, मला माफ करा."

 चतुराबाईने पदर तोंडाला लावला. पाळकांनी मंडळीपुढे एका बायबलबाईची माफी मागावी, हे कृपावाडीने कधी बघितलं नव्हतं. खरं सांगायचं तर इतर वाड्यांनीही बघितलं नसावं.

रामरावांनी पंचांशी हळू आवाजात बोलून निकाल सांगितला. चतुराबाईने उद्यापासून वार्डात जावं, प्रभुभोजनाला बसावं. ओव्या म्हणाव्यात, पण शास्त्रात नाही असं आधी सांगून म्हणाव्यात. चतुराबाई म्हणाली की ते तर ती पहिल्यापासून सांगते, कुणी विचारलंच नव्हतं. सगळे पांगल्यावर रामराव देवळाला कुलूप लावता लावता शरदचंद्रांना म्हणाले, "मानमोडीच्या साली मी बी त्याच वार्डात व्हतो, पाळकसाहेब. एका आईनं सांगितलेली ती पाखरं म्या बी ऐकल्ती. तुम्ही सांगत न्हाई म्हणलात तवा ध्यानात आलं कोण ते. नाव घेतलं न्हाई, बरं केलं." किल्ली खिशात टाकून ते चालू लागले.

सोमवारी चतुराबाई पहाटेच उठून वार्डात गेली. बुधवारी नाताळचं दळण होतं. दुपार कलली तरी उमा परतली नव्हती. घरी पाहुणे आलेले, म्हणून शरदचंद्र तिला बोलवायला निघाले. रीत मोडायची नव्हती, म्हणून ते चतुराबाईच्या कुडाबाहेरच थांबले. आत पाच जाती घरघरत होती आणि बायका काहीतरी म्हणत हसत होत्या. त्यांची चाहूल लागली तशा एकदम गप्प झाल्या. उमाचं हसू तर पदरातही मावेना.

"थांबता कामून गं?" चतुराबाईचा आवाज आला. "पाळकसाहेबांचीच हाये, त्यांच्या म्होरंच म्हणा."

कुणी तोंड उघडेना, तेव्हा तिने स्वतःच जात्याला हात घातला आणि म्हटली. आधी शास्त्रात नाही असं सांगितलं, मग म्हटली:

चुगली करणारा, उभा राह्यला मातीत,
त्याला बी दे रं बाळा, दोन पंख पाठीत.

 शरदचंद्रांना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही थोडं थोडं करून घेतलं. मग तिथेच कुडाबाहेरच्या दगडावर बसून पिशवीतून वही काढली. पाखरांच्या गोष्टीचं भाषांतर जिथे संपत होतं त्याच्या खालचं पान कोरं होतं. त्यांनी आत हाक मारून सांगितलं की मावशी, ओवी सावकाश म्हणा, मी लिहून घेतो.

"ही बी लिवतोस?" ती सगळ्या बायांसमोर पाळकसाहेब म्हणायचं विसरली. "ही तर म्या सकाळी केली. हिचा काय उपेग?"

"ते आज कसं कळेल?" शरदचंद्र म्हणाले, आणि पेन्सिल ओली करून पहिली ओळ लिहायला घेतली.